मला धरून वीस

बाई, तुम्ही गेल्याला सत्तावीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहिलं नव्हतं, कारण तुमचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत होतं आणि जे सांगायचं ते तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगता येत असे. तुम्ही भाकरी थापायच्या, मी संस्कृतची रूपं म्हणायचो, आणि माझी द्वितीया चुकली की तुमचा हात परातीवर थांबायचा. थापण्याचा आवाज बंद झाला की आपलं काहीतरी चुकलं, एवढं मला कळायचं. गेल्या तीन आठवड्यांपासून तो आवाज बंद पडल्यासारखा वाटतो आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझी खबर. मी आता चोपन्न वर्षांचा आहे, वर्ध्यातच कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. वर्गात अकरा मुलं आहेत. नऊ जण गुणांसाठी येतात आणि दोघं पंख्यासाठी. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पोटाकडे बघून रोज चालायला सांगितलं. चालणं मला कधीच आवडलं नाही, म्हणून मी सायकल घेतली आणि इथल्या सायकलवाल्यांच्या मंडळात शिरलो. तुम्ही हसाल. आंजीहून शाळेत यायला बापाने सायकल घेऊन दिली तेव्हा तिच्यावर बसायला लाजणारा मुलगा म्हातारपणी भगवा टी-शर्ट आणि डोक्यावर टोपलं घालून सायकल चालवतो, आणि त्यासाठी वर्गणी देतो. हे मंडळ दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी लांबचा दौरा काढतं. यंदा सहा दिवस होते, एकवीस जण होतो, रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर. निघालो सेवाग्रामहून, आणि वऱ्हाडात फिरून परत यायचंही सेवाग्रामलाच होतं. जे घडलं ते सहाव्या दिवशी, घर दिसायला लागल्यावर.

दौऱ्याची आमची एक पद्धत आहे. सगळ्यांत पुढे कप्तान आणि सगळ्यांत मागे एक शेवटचा माणूस. शेवटच्याने कोणालाही ओलांडून पुढे जायचं नाही, हा त्याचा एकमेव धर्म. प्रत्येक थांब्यावर कप्तान बोट लावून माणसं मोजतो, आकडा मोठ्याने सांगतो, शेवटचा माणूस 'बरोबर' म्हणतो, आणि मगच शिट्टी वाजते. आमचे कप्तान सरकारी मोजणीत होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची शेतं मोजली, साखळी घेऊन, पुढे यंत्र घेऊन. सातबाऱ्यावरून भाऊ भावाच्या उरावर बसलेला असायचा, पण यांनी खुंटी ठोकली की दोन्ही भाऊ गप्प व्हायचे. अशा माणसाने आम्हाला मोजायचं आणि मी मागून 'बरोबर' म्हणायचं, अशी वाटणी होती. मला शेवटचा का नेमलं, तर मी हळू चालवतो. पण ते तसं म्हणत नाहीत. ते म्हणतात, "सरले मांगं ठेवा, सरचं ध्यान राह्यते."

त्या दिवशी सकाळी आम्ही हिंगणीला पोह्यांसाठी थांबलो. पुढचा बेत असा होता: बोर धरण बघायचं, मग जंगलाच्या कडेने आतल्या रस्त्याने आंजीला यायचं, आमच्या गावच्या घरी, भावाकडे, जेवायचं आणि उन्हं उतरल्यावर सेवाग्राम गाठायचं. सामानाचा टेम्पो हिंगणीहूनच सरळ आंजीला जाणार होता. आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या, एकसष्ट वर्षांच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. साधी, उभ्या दांड्याची सायकल, गियर नाही, आणि हँडलला अडकवलेली एक फुगलेली कापडी पिशवी. सहा दिवस मी ती पिशवी मागून बघत होतो. ती डावीकडे झुकायची, सिस्टर उजवीकडे झुकायच्या. बाई, माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. पाठांतराच्या स्पर्धेत हिंगणीकडचा एक मुलगा 'बाण'ला 'बान' म्हणाला आणि मी फिदीफिदी हसलो, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "त्याचा उच्चार उद्या सुधारेल. तुझं हसणं कधी सुधारायचं?" चाळीस वर्षं झाली. नाही सुधारलं.

मी म्हणालो, "सिस्टर, हा अख्खा दवाखाना घेऊन चढ चढणार का? जंगलात कोणी प्राणी आजारी आहे काय?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या, पण जरा उशिरा. "काऊन जी सर, माह्या झोल्याचं वजन तुमच्या सायकलले होते का?"

"माझ्या डोळ्यांना होतं."

"घ्या बा मंग," असं म्हणून त्यांनी पिशवी काढली आणि टेम्पोत ठेवून दिली. टेम्पो गेला. त्या पिशवीत त्यांच्या साखरेच्या आजाराची औषधं होती, ग्लुकोजची पुडी होती, बिस्किटं होती, आणि बॅटरी वाचावी म्हणून बंद करून ठेवलेला फोन होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

धरणावर आम्ही पाणी पाहिलं, फोटो काढले, कप्तानांनी एकवीस मोजले, मी बरोबर म्हणालो. तिथून निघाल्यावर चारेक किलोमीटरवर सिस्टरनी सायकल कडेला घेतली. रस्ता सुनसान, एका बाजूला सागाचं रान, दुसऱ्या बाजूला पळस आणि झुडपं. मी मागे थांबलो. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "व्हा तुमी पुढं. येते मी मांगून."

आता शेवटच्या माणसाचा धर्म काय सांगतो, ते मी वर लिहिलंच आहे. पण एक साठीची बाई झुडपाकडे जाऊ पाहते आहे आणि एक मास्तर रस्त्यात उभा राहून नियम पाळतो आहे, हे मला कसंसंच झालं. मी खाली बघत पेडल मारलं आणि पुढच्या वळणापर्यंत गेलो. वळणावर थांबायचं, त्या आल्या की पुन्हा मागे लागायचं, असं ठरवलं होतं. वळणापलीकडे आमच्यातला एकजण पंक्चर होऊन बसला होता आणि भोवती सहा-सात जणांचा घोळका होता. इथे, बाई, तुम्ही येता.

मी नागपूरला शिकायला निघालो तेव्हा तुम्ही मला सायकलचा हातपंप दिला होता. लाकडी मुठीचा, तुमच्या स्वतःच्या काळ्या लेडीज सायकलचा. "ज्ञान मी दिलंय तितकं पुरेल, हवा तुझी तू भर," असं म्हणाला होतात. तो पंप अजून आहे. मी तो दौऱ्यावर नेतो, दांड्याला बांधून. मंडळातली तरुण पोरं त्याच्याकडे बघून हसतात, त्यामुळे तो वापरण्याची संधी मी सोडत नाही. पंक्चरवाल्याची सायकल महागातली होती, तिच्या ट्यूबचं तोंड सुईसारखं बारीक. तुमचा पंप त्याला बसेना. दुसऱ्या एकाच्या खिशात बसेल असा चिमुकला पंप होता, त्याने तो पुढे केलाही. मी म्हटलं, थांब, होईल. दोऱ्याचे वेढे देऊन, फडकं गुंडाळून, मी गुडघ्यावर बसून तो पंप तिथे बसवत राहिलो. पाऊण ट्यूब भरलीसुद्धा. तेवढ्यात किती मिनिटं गेली आणि मागून कोण आलं, कोण गेलं, हे मला सांगता येणार नाही. मान वर केली तेव्हा मागचा रस्ता रिकामा होता आणि पुढे भगव्या पाठी लांब गेल्या होत्या.

मी पंक्चरवाल्याला विचारलं, "सिस्टर गेल्या का पुढे?"

"गेल्या असतीन ना सर."

'असतीन.' एखादा विद्यार्थी असं उत्तर देता तर मी त्याला उभं करून विचारलं असतं, तू पाहिलंस की तुला वाटतं? रस्त्यावर मी ते उत्तर घेतलं आणि निघालो. मनात थोडं खुपलं होतं, खोटं का सांगू? पण पुढे फाट्यावर मोजणी होणारच होती. शंका असली की मोजावं, मोजणी कशाला ठेवली आहे मग.

फाट्यावर एका बंद टपरीसमोर सगळे सावलीत थांबलेले. मी सगळ्यांत शेवटी पोचलो. मी सायकलवरून उतरतच होतो, कप्तान मोजत होते. त्यांचं बोट एकेका डोक्यावरून फिरत आलं, माझ्याकडे येऊन थांबलं, आणि ते म्हणाले, "मला धरून वीस."

बाई, तुम्ही ती दहा जणांची गोष्ट किती वेळा सांगितली असेल. दहा जण नदी ओलांडून जातात. पलीकडे गेल्यावर एकजण मोजतो तर नऊच भरतात. दुसरा मोजतो, नऊ. दहावा बुडाला म्हणून सगळे रडायला बसतात, आणि वाटसरू येऊन सांगतो, अरे वेड्या, मोजणारा दहावा तूच. तुम्ही ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती शिकवणीला आलेल्या आम्हा आठ जणांना चहा देताना. तुम्ही आठ कप भरले, स्वतःला विसरलात, आणि मग कपाळाला हात लावून ती गोष्ट सांगितली. तेव्हापासून कुठेही मोजदाद आली की मी स्वतःला धरतो. गणपतीच्या प्रसादाच्या द्रोणांपासून परीक्षेच्या खोलीतल्या खुर्च्यांपर्यंत. तुमचं इतर शिकवणं मी किती पाळलं ते राहू द्या. हे एक मी अक्षरशः पाळलं आहे.

कप्तानांचं बोट माझ्यावर थांबलेलं मी पाहिलं होतं. विसावा मीच होतो. पण मला वाटलं, बोट थांबलं म्हणजे ते मला विचारताहेत. मोजणारा माणूस हटकून एकाला विसरतो, त्यांनी आठवणीने स्वतःला धरलं आणि मला विसरले. मी हसून म्हणालो, "आणि मी एकविसावा."

ते क्षणभर थांबले. कपाळाला एक आठी आली. मग म्हणाले, "बराबर. एकवीस." आणि शिट्टी वाजली.

तो एक क्षण मला आता सारखा दिसतो. त्यांचा आकडा खरा होता आणि त्यांनाही आतून ते माहीत होतं. तरी त्यांनी माझं ऐकलं, कारण सरचं ध्यान असतं.

आंजीला पोचेस्तोवर साडेबारा झाले. उन्हात तेज आलं होतं. वहिनीने अंगणात मांडवाखाली पानं मांडली होती. वांग्याची भाजी, वडाभात, कढी. सगळे बसले, वाढणं झालं, कोणीतरी पहिला घास घेतला, आणि वहिनी हातात पोळ्यांची टोपली घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, एक पान उरलं ना. कोन याचं हाये अजून?"

मी म्हणालो, "कोणी नाही. सगळे आलेत. नीट मोज."

"मोजूनच वाढलं मी. एकवीस पानं, वीस मानसं."

मग आम्ही सगळ्यांनी एकदम त्या पानाकडे पाहिलं. कढीवर साय धरायला लागली होती. कोणीतरी म्हणालं, सिस्टर कुठायत? आणि मांडवात एकाच वेळी सात-आठ जण बोलायला लागले. माझ्या पुढे होत्या. नाही, तुझ्या मागे होत्या. मी तर धरणावर पाहिलं. फोन लावा. फोन बंद आहे. टेम्पोवाला आधीच जेवून ओट्यावर बसला होता, तो उठला आणि टेम्पोतून ती पिशवी घेऊन आला. "फोन तं याच्यात हाये, बंद." कप्तानांनी पिशवी उघडली. फोन काढून सुरू केला. त्याखालून गोळ्यांची पाकिटं निघाली, सुई टोचून साखर तपासायचं छोटं यंत्र निघालं, ग्लुकोजची पुडी निघाली. वहिनी म्हणाली, "अगं माय. बाईनं सकायपासून काई खाल्लं का नाई?" कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. हिंगणीला त्यांनी अर्धेच पोहे खाल्ले होते. उरलेले त्यांनी माझ्या ताटलीत टाकले होते आणि मी ते खाल्ले होते.

कप्तान फक्त एवढंच म्हणत होते, "असं कसं होईन? बोट लावून मोजलं ना मी. बोट लावून."

पुतण्याची मोटरसायकल मी काढली, कप्तान मागे बसले, पिशवी त्यांनी गळ्यात अडकवली. टेम्पो मागून येणार होता. शेवटचं पाहिल्याला अडीच तास होऊन गेले होते. रस्ता तोच, पण सकाळी त्यावर गप्पा होत्या, आता नुसता डांबराचा वास. दोन्ही बाजूंना बघत, हळू चालवावं की जोरात, ते कळत नव्हतं. हळू चालवलं तर उशीर होतो, जोरात चालवलं तर झुडपाआड पडलेलं माणूस दिसत नाही. फाट्याच्या अलीकडे एक गुराखी भेटला. कप्तानांनी विचारलं, "दादा, सायकलवाली बाईमानूस पाह्यली का, भगवा टी-शर्ट?"

"नाई बा. सकाऊन दोन रोही पाह्यले."

"अन् वाघ?" नीलगाईंवरून कप्तान वाघावर आले. त्यांचा आवाज फाटला.

"वाघ काल होता तिकडं धरनाच्या अंगानं. आज नाई दिसला," गुराखी शांतपणे म्हणाला, आणि आमचे चेहरे बघून पुढे जोडलं, "रोज नसते येत तो."

फाटा ओलांडल्यावर कप्तान माझ्या कानाशी वाकले. वाऱ्यात मोठ्याने बोलावं लागत होतं.

"सर, एक सांगा. मी वीस म्हटलं, तवा तुमाले धरून म्हटलं का सोडून?"

मला उत्तर माहीत होतं. जेवणाच्या पानाकडे पाहिलं तेव्हाच ते कळलं होतं. ते बोट, ती आठी, सगळं. तोंड उघडलं असतं तर तीन शब्दांचं काम होतं. मी समोर बघत म्हणालो, "ते आता राहू द्या. आधी सिस्टर."

"नाई, मले आठवून नाई राह्यलं. मी म्हातारा झालो का काय."

"राहू द्या हो," मी म्हणालो. माझा आवाज समजूत घालणाऱ्याचा होता.

ज्या जागी त्या थांबल्या होत्या, तिथून थोडं पुढे सायकल सापडली. आडवी, चाकं रस्त्याकडे. साखळी निसटून दात्यात आणि चौकटीत जाम बसलेली. सीटवर काळ्या बोटांचे ठसे होते. बाटली जागेवर होती, अर्धी भरलेली. माणूस नव्हतं. मी हाक मारली. नुसतं 'सिस्टर' म्हणून रानात हाक मारणं किती विचित्र असतं, बाई. सहा दिवसांत मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं, हे मला तिथे कळलं. कप्तान झुडपात घुसले, काट्यांनी हात ओरबाडला, परत आले. धुळीत चपलेचा ठसा होता का, ते वाकून बघायला लागले. मोजणीदाराची सवय, जमीन वाचायची. ठसे नाल्याच्या दिशेने चार पावलं जात होते आणि पुढे वाळलेल्या पानांत बुडत होते. शेवटच्या ठशांमधलं अंतर कमी कमी झालं होतं. ते त्यांनी मला बोटाने दाखवलं.

तेवढ्यात त्यांच्या गळ्यातली पिशवी वाजली.

रस्त्याचा तो भाग जरा उंचावर होता, तिथे रेंज आली असावी. कप्तानांना पिशवीचा बंद सुटेना. मी ओढून फोन काढला. अनोळखी नंबर.

"हॅलो, कोन बोलून राह्यलं? माहा फोन कोनापाशी हाये?"

"सिस्टर!" मी ओरडलो.

"कोन, सर? अजी मी कवाची या बायाईच्या फोनवरून माह्याच नंबरवर फोन करून राह्यली. बंद, बंद, बंद. दुसऱ्या कोनाचा नंबर पाठ नाई ना मले."

"कुठे आहात?"

"नाल्यापलीकडं. हरभरा सोंगून राह्यले ना इथं, त्यांच्यापाशी." आवाज जड होता, जिभेवर गोळी ठेवून बोलल्यासारखा.

नाला कोरडा होता. आम्ही धावत गेलो. मी धावलो, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितो. हरभऱ्याच्या शेतात पाच-सहा बाया सोंगणी थांबवून, विळे बाजूला ठेवून एका निंबाखाली बसल्या होत्या आणि मध्ये सिस्टर, पाठ बुंध्याला टेकून, चेहरा राखेसारखा, केस घामाने चिकटलेले. एक बाई पदराने वारा घालत होती. साखळी ओढता ओढता हात थरथरायला लागले तेव्हाच त्यांना कळलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या जिभेखाली साखर ठेवली होती, आपल्याला काय होतंय ते कळायला डॉक्टर नको होता. हात पिशवीकडे गेला, पिशवी नव्हती. सोंगणीवाल्या बायांचा आवाज आला म्हणून त्या नाल्याकडे चालत निघाल्या, मध्येच खाली बसल्या, मग हाका मारल्या. बायांनी उचलून आणलं, डब्यातला गूळ खाऊ घातला, गोड चहा पाजला.

वारा घालणारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचीच का ही? इतके जन होते म्हनते, अन् बाईले टाकून गेले काऊन?"

कप्तान म्हणाले, "माही चूक झाली माय."

मी पिशवी सिस्टरांपुढे धरली. त्यांनी ती मांडीवर घेतली, बोट टोचून यंत्रावरचा आकडा पाहिला आणि आम्हाला दाखवला नाही. बिस्किटाचा पुडा फोडला. एक तोंडात टाकलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आता हा झोला मी देत नाई कोनाले. तुमच्या डोळ्याले भारी झाला तं डोळे मिटून चालवजा सायकल."

त्या हसल्या. या वेळी मला हसायला उशीर झाला.

दवाखान्यात दाखवलं, सलाइन लागली, चार वाजता त्या हट्टाने टेम्पोत बसून सेवाग्रामला आल्या, कारण दौरा संपताना आपण हजर नाही असं त्यांना चालणार नव्हतं. तिथे आम्ही सगळे गोल करून बसलो. हार-तुऱ्यांचं कोणाच्या मनात राहिलं नव्हतं. कप्तान उठून उभे राहिले. हातावरच्या ओरबाड्यांवर कोणीतरी पिवळं औषध लावलं होतं.

"चाळीस वर्षं लोकाईच्या वावराचे धुरे मोजले," ते म्हणाले. "भावाभावाईचं डोकं फुटलं, पन माह्या मोजनीवर कोनं बोट नाई ठेवलं. आज वीस मानसं समोर उभे होते अन् मी एकवीस म्हटलं. आपल्या तोंडानं म्हटलं. ते बाई जगली हे तिचं नशीब. माहं मोजनं संपलं आता." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली. ती कोणाला द्यावी ते त्यांना कळेना, म्हणून हातात धरून उभे राहिले.

मागून कोणीतरी म्हणालं, "मंग सरले द्या ना. सरचं ध्यान राह्यते."

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे एकोणीस-वीस चेहरे वळले. मोजले नाहीत. सिस्टर खुर्चीवर बसूनच म्हणाल्या, "सर मोजतीन तं येते मी पुढच्या वर्षी. नाई तं माहा भरोसा नाई बा आता."

कप्तान गोल ओलांडून माझ्यापर्यंत आले. त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि दोन्ही हात जोडले. मला उठून उभं राहावं लागलं. मी 'हो' म्हणालो, बाई.

याला तीन आठवडे झाले. इथवर लिहिलं आणि लक्षात आलं की हे पत्र तुमच्या नावाने घालून मी पुन्हा मान खाली घालून पंप बसवतो आहे. तुम्हाला लिहिणं मला सोपं जातं, कारण तुमचा पत्ता नाही. ज्यांना लिहायचं त्या कप्तानांचा आहे. वर्ध्यातल्या आमच्या घरापासून चौथी गल्ली, निळं फाटक. त्यांनी सकाळचं सायकल चालवणं सोडलं आहे. त्यांची बायको सांगत होती, घरात पायऱ्या मोजतात, ताटं मोजतात, रात्री कुलूप लावल्यावर फाटकाच्या गजांवरून हात फिरवतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

काल संध्याकाळी दुधाच्या दुकानासमोर भेटले. इकडचं तिकडचं बोललो. निघताना त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "सर, तुमीच सांगा. वीस असताना एकवीस कसं म्हटलं असन मी?"

दुकानदार आमच्याकडेच बघत होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं हो असं. कोणाचंही होतं."